कर्ज, खिदमत आणि एक सही

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी मगरिबची नमाज आटोपून घरी आलो, तर ओटीवर आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीचे अब्बा बसलेले. अंगावरचे कपडे चिंब भिजलेले, पण मांडीवरच्या प्लॅस्टिकच्या पिशवीतले दोन कागद कोरडे होते. मुलगी आमच्या उर्दू माध्यमाच्या शाळेतून दहावी झालेली. पुढे तालुक्याच्या गावी जाऊन येऊन विज्ञान शाखेतून बारावी झाली, नीट दिली. एमबीबीएसला गुण कमी पडले, बीडीएसला पुरले. एका अभिमत विद्यापीठाच्या दंत महाविद्यालयात जागा मिळाली. आमच्या मोहल्ल्यातली डॉक्टरकीकडे निघालेली ही पहिली मुलगी.

"मास्तर, यातला एक कागद बँकेचा आहे आणि एक आपल्या ट्रस्टचा. कुठल्यावर सही करू, तेवढे सांगा."

आम्ही शिक्षक. पालकांना सही कुठे करायची हे सांगण्यात आमचा निम्मा जून जातो. पण त्या दिवशी बोट कुठे ठेवावे ते कळेना. "दोन दिवस द्या, भाई," एवढेच म्हणालो. दोन दिवसांचे आठ झाले. त्या आठ दिवसांत जो विचार केला तो येथे मांडत आहोत, कारण असे दोन कागद आज आपल्या पुष्कळ घरांत येत आहेत आणि ते वाचण्याआधीच त्यांवर सह्या होत आहेत.

कोणी म्हणेल, मुलींची फी सरकार भरते ना? जुलै 2024 मध्ये महाराष्ट्र शासनाने तसा निर्णय काढला आहे खरा. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. चांगला निर्णय आहे, आणि ज्यांना लागू होतो त्यांनी तहसील कचेरीत चार खेपा घालून दाखले काढावेत. पण खासगी अभिमत विद्यापीठे त्यातून वगळली आहेत. मुलीची जागा नेमकी तिथे. पुन्हा नीट देऊन सरकारी महाविद्यालयाची वाट पाहा, असेही आम्ही सुचवले. अब्बा म्हणाले, "वर्ष घरी बसली तर तिची उठून जाण्याची वेळ निघून जाईल." ते वेळ म्हणाले, पण त्यांच्या मनात स्थळे होती. ज्यांच्या घरी मुली आहेत त्यांना हे वेगळे सांगायला नको.

आधी पैशाचा हिशेब. फी वर्षाला साडेचार लाख, चार वर्षांचे 18 लाख. पाचवे वर्ष इंटर्नशिपचे. हॉस्टेल, मेस आणि अवजारे वेगळी. बँकेचा व्याजदर 11 टक्के. साडेसात लाखांवरच्या कर्जाला बँक तारण मागते, म्हणजे घर. घर अजून आजोबांच्या नावावर, वारस सात. शिक्षणाची पाच वर्षे आणि पुढचे एक, अशी सहा वर्षे हप्ता नाही. पण हप्ता नाही म्हणजे व्याज नाही असे नव्हे. आम्ही वहीवर आकडे मांडले. सरळव्याज धरले तरी पहिला हप्ता येईपर्यंत 18 लाखांचे जवळजवळ 27 लाख होतात. पुढे दहा वर्षे दरमहा सुमारे 37 हजार. एकूण फेड 44 लाखांच्या वर. अब्बांनी तो आकडा पाहिला आणि वही उलटी करून ठेवली.

त्यांना आकड्यापेक्षा दुसरी गोष्ट जास्त टोचत होती. सूद. आयुष्यभर दुकान चालवले, उधारी केली, पण सुदाला हात लावला नाही. आता मुलीच्या शिक्षणासाठी लावायचा? मौलाना आझाद महामंडळाच्या 3 टक्क्यांच्या कर्जाचा विषय निघाला, तेव्हाही त्यांनी हेच विचारले, की तीन असो की अकरा, आहे तर तेच ना? शैक्षणिक कर्जाबाबत उलेमांत मतभेद आहेत. काही जण नाइलाज म्हणून सवलत देतात, काही देत नाहीत. आम्ही आलिम नाही, त्यामुळे त्यात पडत नाही. एवढेच म्हणतो, की ज्या माणसाला हा प्रश्न टोचतो त्याला मागासलेला म्हणून हसण्याची जी पद्धत आपल्यातल्या शिकलेल्यांत पडली आहे, ती बरी नव्हे. 18 चे 44 होतात तेव्हा टोचण्यासारखे काहीतरी असतेच. ते ओळखायला मुसलमान असण्याचीही गरज नाही.

या मानाने ट्रस्टचा कागद देवदूतासारखा दिसत होता. ट्रस्ट आमच्याच पंचक्रोशीतल्या, आखातात कमावलेल्या मंडळींचा. कागद असा: चार वर्षांची सगळी फी ट्रस्ट भरील. व्याज नाही, तारण नाही. मुलीने इंटर्नशिप संपल्यावर ट्रस्टच्या दवाखान्यात पाच वर्षे, महिना 15 हजार मानधनावर 'कौम की खिदमत' करावी. मध्येच सोडल्यास दिलेल्या रकमेच्या तिप्पट रक्कम एकरकमी भरावी. पदवीची मूळ कागदपत्रे सेवा पूर्ण होईपर्यंत ट्रस्टच्या ताब्यात राहतील. खाली सहीची जागा: पालक.

पैशाच्या हिशेबात हा कागद सरळ जिंकतो. बाहेर तिला महिना 30 हजार मिळाले असते असे धरले, तरी पाच वर्षांत तिचे 9 लाख बुडतात. 18 लाख मिळाले, 9 लाख सोडले. बँकेच्या 44 लाखांपुढे हे काहीच नाही. शिवाय सूद नाही. अब्बांचा कल उघड होता, आणि पहिल्या रात्री आमचाही होता.

दुसऱ्या रात्री झोप लागेना, ती त्या तिप्पट शब्दामुळे.

आम्ही ट्रस्टच्या सदर साहेबांना भेटायला गेलो. भला माणूस. त्यांनी आम्हाला दवाखाना दाखवला. मागच्या खोलीत दातांची खुर्ची होती, वरचा दिवा, बाजूला थुंकायचे भांडे, सगळे चादरीखाली. चादर उचलली तर धूळ उडाली. ते म्हणाले, "मास्तर, पहिल्या मुलाला आम्ही अट न घालता शिकवले. म्हटले, आपला पोरगा आहे, येईल. तो बहरैनला गेला. ही खुर्ची त्याच्यासाठी घेतली होती. मी परत देणगीदारांकडे कोणत्या तोंडाने जाऊ?"

यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. आणि गरज खोटी नाही. आमच्या भागात बायका पिढ्यान्‌पिढ्या मिश्री लावतात. गुटख्यावर महाराष्ट्रात 2012 मध्ये बंदी आली, पण पुड्या अजून गटारातून वाहत येतात. तोंड पूर्ण उघडत नाही इथपर्यंत पाळी आलेली माणसे आम्ही पाहिली आहेत. बायका तर पुरुष डॉक्टरपुढे तोंड उघडायलाच लाजतात. गालाला लवंगेचे तेल लावून, पदर दाबून बसतात. दंतवैद्य म्हणून मुलगीच हवी, असे सदर साहेबांना वाटते ते उगीच नाही.

विनाअट दिलेले परत येतच नाही, असेही नाही. आपल्या देशातले पहिले दंत महाविद्यालय 1920 साली कलकत्त्यात काढले ते डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी. 1915 मध्ये अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातून दंतवैद्यकाची पदवी घेऊन ते परत आले. महाविद्यालयाला पैसा हवा म्हणून त्यांनी कलकत्त्यात सोडा-फाउंटन चालवले, म्हणजे थंड पेयाचे दुकान. त्या दुकानाच्या कमाईवर दातांची विद्या उभी राहिली, आणि 1949 मध्ये त्यांनी ते महाविद्यालय सरकारच्या हवाली केले. 24 डिसेंबर हा त्यांचा जन्मदिवस आपल्याकडे दंतवैद्य दिन म्हणून पाळतात, आणि आपल्या शाळांत मात्र त्यांचे नाव कोणाला ठाऊक नसते. त्यांच्याकडून कोणी बाँड लिहून घेतला नव्हता. पण हे उदाहरण आम्ही सदर साहेबांना सांगितले नाही. थोरांच्या चरित्रातून गावच्या ट्रस्टचे नियम निघत नाहीत, आणि धूळ बसलेली खुर्ची त्यांच्या डोळ्यांसमोर होती.

मग चूक कुठे आहे? कर्ज म्हणजे गुलामी आणि खिदमत म्हणजे पुण्य, इतके ते सोपे नाही. किंवा उलटही नाही.

बँकेचा कागद मुलीला कुठे राहायचे ते सांगत नाही. ट्रस्टचा सांगतो. म्हणून बँक स्वातंत्र्य देते असे आमच्या स्टाफरूममधल्या एका तरुण सहकाऱ्याचे म्हणणे पडले. आम्हाला ते अर्धेच पटले. महिना 37 हजारांचा हप्ता असलेली दंतवैद्य आमच्या गावात दवाखाना घालूच शकत नाही. इथे लोक दात दुखायला लागला की येणार, तोही काढून टाकायला, आणि फी देताना घासाघीस करणार. ती पुण्याला किंवा नवी मुंबईला जाणार, जिथे वाकडे दात सरळ करायला तारा लावून घेणारे आणि हसू पांढरे करून घेणारे गिऱ्हाईक आहे. तिला तसे करायला कोणी सांगणार नाही. हप्ताच सांगेल. कर्ज हाही एक बाँडच आहे, फक्त त्यावर गावाचे नाव लिहिलेले नसते.

तरी एक फरक उरतोच, आणि आमच्या मते तो मोठा आहे. पैशाचे ओझे दुसऱ्याला उचलता येते. हदीसमध्ये येते की एका माणसाचा जनाजा आणला गेला, त्याच्यावर कर्ज होते, आणि ते फेडायला मागे काही नव्हते. हुजूर सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांनी स्वतः नमाज पढवण्यास थांबून साथीदारांना पढण्यास सांगितले. तेव्हा अबू कतादा रजि. पुढे आले आणि ते कर्ज माझ्या शिरावर असे म्हणाले. मग नमाज झाली. कर्जाचे गांभीर्य सांगण्यासाठी ही हदीस नेहमी सांगतात. आम्हाला त्यातली दुसरी बाजू दिसली: ते कर्ज उचलता आले. भाऊ उचलील, मामू उचलील, जकातीच्या आठ हकदारांत तर कर्जबाजारी माणूस आहेच. पण तेवीस ते अठ्ठावीस ही वर्षे मुलीच्या ऐवजी कोण देणार? दवाखान्यात तिच्या जागी तिचा भाऊ बसू शकत नाही. म्हणून जो वर्षे लिहून घेतो त्याने पैसे लिहून घेणाऱ्यापेक्षा दहापट जपून लिहायला हवे. प्रत्यक्षात उलटे घडते. आपण धर्मादायाचे काम करतो आहोत या समजुतीत तो बँकेपेक्षा सैल हाताने, आणि बँकेपेक्षा कडक, लिहितो.

खिदमत या शब्दाबद्दलही थोडे बोलायला हवे. आम्ही स्वतः तीन वर्षे शिक्षण सेवक होतो. ही योजना महाराष्ट्रात 2000 साली आली. आमच्या वेळी माध्यमिकला महिना 8 हजार मानधन होते; 2023 पासून ते 18 हजार झाले आहे. वर्गात शिकवणे तेच, तपासायच्या वह्या त्याच, पण तीन वर्षे पगाराला मानधन म्हणायचे आणि शिक्षकाला सेवक. आमची त्याबद्दल तक्रार नाही, कारण तीन गोष्टी आम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होत्या: मुदत तीनच वर्षांची आहे, सही आमची आहे, आणि उद्या राजीनामा दिला तर कोणी तिप्पट मागायला येणार नाही. तेवढ्यावर 8 हजारांत निभावले. मात्र सेवा हे नाव मिळाले की मोबदला कमी द्यायला संकोच वाटत नाही, हे तेव्हा शिकलो.

ट्रस्टच्या कागदात तेच आहे. फी भरून पुढे काम करून घ्यायचे असेल तर तो सरळ व्यवहार आहे, इजारा आहे. त्यात लाज काहीच नाही. मजुरीचा काही भाग आगाऊ दिला, एवढेच. पण मग मजुरी वाजवी हवी. आणि जर ती खैरात असेल, तर तिच्या बदल्यात पाच वर्षे मागता येत नाहीत. सदर साहेबांना आम्ही विचारले, "हा पैसा कुठल्या खात्यातला?" ते म्हणाले, बराचसा रमजानचा, जकातीचा. जकात देणाऱ्याने बदल्यात काही घ्यायचे नसते, हे मकतबमधल्या पोरालाही माहीत असते. ज्याला दिली त्याचा तो हक्क होतो, देणारा त्यावर शर्त लावत नाही. आम्ही हे बोललो तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मौलानांना विचारतो." त्यांनी खरोखर विचारले, आणि पुढे या मुलीची फी जकातीच्या खात्यातून काढून देणग्यांच्या खात्यावर घेतली, हे त्यांच्याविषयी सांगायलाच हवे.

न मागणाऱ्याचे कर्जही हलके नसते. आमच्या बी.एड.ची फी मामूंनी भरली होती. कर्ज-ए-हसना. कागद नाही, मुदत नाही. त्यांनी आजतागायत एक शब्द काढलेला नाही. आम्ही पुढे पैसे परत केले, त्यांनी मोजलेही नाहीत. पण त्यांच्या मुलाच्या लग्नात आठ दिवस आम्ही मंडपापासून भांड्यांपर्यंत राबलो, आणि एकदाही दमलो असे म्हणता आले नाही. मामूंचा त्यात काही दोष नाही. मात्र तेव्हापासून आम्हाला लिहिलेल्या कागदाचे भय कमी आणि आदर जास्त वाटतो. लिहिलेल्याला शेवट असतो.

तिप्पट दंडाचे कलम कुठून आले त्याचाही पत्ता लागला. सदर साहेबांचे जावई अमेरिकेत असतात. मसुदा करताना त्यांनी तिकडच्या एका योजनेची माहिती पाठवली होती. दंतवैद्यकाचे शिक्षण तिकडे आपल्यापेक्षा कितीतरी महाग. कर्ज काढून शिकलेला दंतवैद्य सरासरी 3 लाख डॉलरच्या आसपास कर्ज घेऊन बाहेर पडतो. 2025 मध्ये तिथे झालेल्या कायद्याने नव्या विद्यार्थ्यांसाठी 1 जुलै 2026 पासून अशा अभ्यासक्रमांच्या सरकारी कर्जाला वर्षाला 50 हजार आणि एकूण 2 लाख डॉलरची मर्यादा घातली आहे, त्यामुळे तिकडच्या घरांतही हाच प्रश्न आता जास्त टोकदार होणार. कर्जाला तिथे जुना पर्याय आहे. नॅशनल हेल्थ सर्व्हिस कोअर ही 1970 च्या कायद्याने उभी राहिलेली संस्था फी भरते, वर खर्चाला पैसे देते, आणि बदल्यात डॉक्टर-दंतवैद्य कमी असलेल्या भागात सेवा मागते. सेवा मोडली तर दिलेल्या रकमेची तिप्पट, व्याजासह. हेच ते कलम.

पण जावयांनी पाठवलेली माहिती आम्ही नीट वाचली तेव्हा दिसले की आपल्या मंडळींनी शिक्षा तेवढी उचलली, बाकीचे तिकडेच ठेवले. तिथे जितकी वर्षे मदत तितकी वर्षे सेवा, कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त चार. एकच दवाखाना नाही, मान्य ठिकाणांतून निवडता येते. पगार ठेवणारा दवाखाना देतो, आणि तो ठरवताना उमेदवार बोलू शकतो. माणूस मेला तर बंधन संपते, घोर अडचणीत सूट मागता येते. आमच्या कागदात आजारपण हा शब्द नव्हता. बाळंतपण हाही नव्हता, आणि सही तर मुलीसाठी घ्यायची होती!

आपल्याकडेही सरकार बंधपत्र घेते. महाराष्ट्रात सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस होणाऱ्याला एक वर्ष सरकारी सेवा करावी लागते, नाही तर 10 लाख भरावे लागतात. सर्वोच्च न्यायालयाने 19 ऑगस्ट 2019 च्या निकालात अशी बंधपत्रे वैध ठरवली. समाजाच्या पैशाने शिकलेल्याने समाजाला काही परत द्यावे, याबद्दल आमचाही वाद नाही. वाद मापाचा आहे. एक वर्ष आणि पाच वर्षे यांत फरक आहे. ठरलेली रक्कम आणि तिप्पट यांत फरक आहे. आपला 1872 चा करार कायदाही असे म्हणतो, की करारात दंडाचा आकडा कितीही लिहिला तरी न्यायालय त्या मर्यादेत वाजवी तेवढीच भरपाई देवविते. पण न्यायालयात जाणार कोण? मोहल्ल्यात राहून ट्रस्टवर फिर्याद करायची हिंमत दुकानदाराच्या मुलीला होणार नाही. तो तिप्पटचा आकडा कोर्टासाठी लिहिलेलाच नसतो, भीतीसाठी लिहिलेला असतो. मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेणे हेही त्याच जातीचे.

सेवेची मुदत बांधून घेणे आपल्या परंपरेला नवे नाही. बद्रच्या लढाईतल्या कैद्यांपैकी ज्यांच्याकडे खंडणी नव्हती पण अक्षरज्ञान होते, त्यांनी मदिनेच्या दहा-दहा मुलांना लिहायला-वाचायला शिकवावे आणि मोकळे व्हावे, असे सीरतच्या पुस्तकांत येते. शत्रूच्या कैद्यालाही शेवट माहीत होता: दहा मुले. सूरा कससमध्ये हजरत मूसा अलैहिस्सलाम यांची हकीकत आहे. मदयनच्या वृद्धाने त्यांना आठ वर्षे आपल्याकडे काम करण्याची अट घातली. दहा केलीत तर तुमची मर्जी, आणि मला तुमच्यावर जड ओझे घालायचे नाही, असेही सांगितले. मूसांनी उत्तर दिले की दोन्हींपैकी कुठलीही मुदत पुरी केली तरी पुढे माझ्यावर जबरदस्ती नसावी. किती स्वच्छ बोलणे आहे दोन्हीकडून! कमी मुदत बांधील, जास्त ऐच्छिक. आणि बोलणारा मूसा स्वतः आहे, जाणता पुरुष आहे. त्याच्या वतीने कोणी सही केलेली नाही.

इथे आम्ही आलो तेव्हा मूळ गोष्ट लक्षात आली. सूरा बकरामधली कर्ज लिहून ठेवण्याविषयीची आयत कुरआनातली सर्वांत लांब आयत आहे. लिहा, साक्षीदार ठेवा, लहान असो मोठे असो कंटाळा करू नका, हे त्यातले सर्वांना पाठ असते. पण त्यात आणखी एक हुकूम आहे, ज्यावरून आपण सगळे घाईने पुढे जातो. मजकूर सांगायचा कोणी? ज्याच्यावर देणे आहे त्याने. देणाऱ्याने नव्हे. जो असमर्थ आहे, ज्याला सांगता येत नाही, त्याच्या वलीने न्यायाने सांगावे. म्हणजे कागद दुबळ्या बाजूच्या तोंडून लिहिला जायला हवा. आज बँकेचा असो की ट्रस्टचा, कागद छापूनच येतो. घेणाऱ्यासाठी फक्त सहीची जागा मोकळी असते.

आणि आमच्या या प्रकरणात तर घेणारीसाठी तेवढीही नव्हती. मुलीला अठरा पूर्ण व्हायला अडीच महिने बाकी होते. अज्ञानाचा करार कायद्याने करारच नसतो, म्हणून पालकाची सही. मुलीच्या पैशाबद्दल वडिलांनी सही करणे समजू शकते. तिच्या तेवीस ते अठ्ठावीस या वर्षांबद्दल ते कसे करतील? त्या वयातली ती बाई आज अस्तित्वातच नाही. तिचे लग्न झालेले असेल, नसेल. तिला पुढे एमडीएस करायचे असेल. कदाचित दातांचा कंटाळाही आला असेल. आठ दिवसांत अब्बा, आम्ही, सदर साहेब, मौलाना आणि अमेरिकेतले जावई एवढे सगळे बोललो होतो. मुलीला कोणीच विचारले नव्हते. आम्हीही नाही, हे कबूल केले पाहिजे.

नवव्या दिवशी आम्ही अब्बांना सांगितले, की आज कुठेच सही करू नका, ट्रस्टची बैठक मागा आणि मुलीला घेऊन या. पहिल्या वर्षाची फी भरायची तारीख जवळ होती. ती रक्कम ट्रस्टने साध्या पावतीवर उचल म्हणून द्यावी, करार मुलगी अठराची झाल्यावर तिच्याशी करावा, असे आम्ही सुचवले. सदर साहेब कुरकुरले, पण तयार झाले.

बैठक दवाखान्यातच झाली. आम्ही मजकूर सांगू लागलो आणि मध्येच थांबून मुलीला म्हणालो, "तू सांग." ती आधी अब्बांकडे पाहू लागली. मग हळूहळू बोलली. चार वर्षांची फी, तर चार वर्षे. प्रत्येक वर्षाच्या कामाने एक चतुर्थांश देणे फिटावे. मध्ये सोडावे लागले तर उरलेला भाग तेवढाच, जास्त नाही, हप्त्यांनी. प्रमाणपत्रे तिच्याकडे. मानधनावर बरीच ओढाताण झाली. एक विश्वस्त म्हणाले, खिदमतीत भाव करतात का? मुलगी म्हणाली, "चाचा, मग मी खिदमत शुक्रवारी करीन, फुकट. बाकीचे दिवस नोकरी." हसू झाले, पण आकडा त्या दिवशी ठरला नाही. तिप्पटचे कलम काढायलाही दोन विश्वस्त अजून राजी नाहीत. बहरैनचे नाव त्यांनी तीनदा घेतले.

उठता उठता मुलीने मागच्या खोलीचे दार उघडून चादरीखालची खुर्ची पाहिली. हात लावून पाहिला, दिव्याचे बटण दाबले. दिवा लागला नाही.

"सर," तिने आम्हाला विचारले, "इथे एक्स-रे मशीन कुठे आहे?"

आम्ही सदर साहेबांकडे पाहिले. सदर साहेबांनी खजिनदाराकडे.